डाव्या चाकाचे तीन बोल्ट

तिसरा आडवा रस्ता ओलांडला तेव्हा आर्डिथने कॉफीचा डबा डाव्या हातातून उजव्या हातात घेतला. डब्यात तीन तुटके बोल्ट होते, नटासकट, जुन्या मोज्यात गुंडाळलेले. ओझं असं काहीच नव्हतं. पण तिच्या डाव्या हाताची दोन बोटं नीट मिटत नाहीत, आणि ऑक्टोबरअखेरच्या त्या वाऱ्यात ती आणखीच आखडली होती.

"आण, मी धरते," मी म्हटलं.

"तू? तुला स्वतःची टोपी धरवेना. गप चाल."

आमच्याकडे, मिशिगनच्या त्या सपाट भागात, रस्ते मैलामैलावर एकमेकांना छेदतात, त्यामुळे किती चाललो ते वेगळं मोजावं लागत नाही. शेरीफची, म्हणजे तिथल्या पोलिसप्रमुखाची, कचेरी सातव्या रस्त्याला. दहा वाजता आम्हा दोघींचा जबाब होता. तिचा नवरा ड्वेन ग्रेमेल मंगळवारी इस्पितळात वारला होता आणि काल त्याला पुरलं होतं. "बायकोने मागून डोक्यात पाइप घातला," असं डेप्युटी लायल कुंडिंगरने आपल्या कागदावर आधीच लिहून ठेवलेलं. ते तसंच राहिलं तर आर्डिथ तुरुंगात जाणार होती. तो पडला त्या शनिवारी दुपारी शेडमध्ये तिसरं माणूस मी होते, म्हणून मलाही बोलावलं होतं.

लायल म्हणाला होता, मी गाडी घेऊन येतो, कशाला पायपीट करता. आर्डिथने दारातूनच सांगितलं, "तुझ्या गाडीत मी दोनदा बसलेय, लायल. आता नाही." तिची गाडी त्याने साखळी घालून ठेवली होती, ड्वेनची त्याच्या भावाने नेली होती. आणि आमची कारखान्यात उभी. हे बीटपासून साखर काढणाऱ्या कारखान्यात केमिस्ट होते. बीटचा हंगाम सुरू झाला की घरी फक्त झोपायला येत. मग आम्ही दोघी सकाळी सातलाच निघालो.

चौथ्या रस्त्याच्या अलीकडे बीटने भरलेला एक ट्रक आमच्यापाशी हळू झाला. आत नॉर्बर्ट होता, पलीकडच्या शेतावरचा.

"आर्डिथ! बस गं. तुझ्या मैत्रिणीलाही घे."

"नको रे. चालायचंय."

"लोक म्हणतायत, तू त्याला पाइपने घातलंस."

"लोकांचं बीट काढून झालं वाटतं."

नॉर्बर्ट हसला, मग हसायला नको होतं असं वाटून त्याने काच वर केली. ट्रक गेला आणि दोन-चार बीट घरंगळत रस्त्यावर पडले. आर्डिथने पायाने एक कडेला सारला.

"हा माझ्या लग्नात नाचला होता," ती म्हणाली.

आर्डिथ त्याच भागातल्या जर्मन शेतकऱ्याची तिसरी मुलगी. अठराव्या वर्षी ती बोल्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात लागली. तपासणीच्या टेबलावर दिवसभर तिच्यापुढे बोल्टांचा ढीग पडे; लांबी, जाडी, आटे, डोक्यावरच्या खुणा बघायच्या आणि खोटा निघेल तो बाजूला टाकायचा. आठ वर्षं तिने हे केलं. पुढे पुढे ती बघतही नसे. बोटात धरला की कळायचं. त्याच पगारातून तिने १९६८च्या वसंतात डॉज चार्जर घेतली, गर्द हिरवी, मोठ्या इंजिनाची. वडील म्हणाले, ही काय बाईची गाडी आहे का? ती म्हणाली, आता आहे.

दोन वर्षांनी तिने ड्वेनशी लग्न केलं. ड्वेनच्या अंगणात आजोबांपासून फोर्डखेरीज दुसरी गाडी उभी राहिली नव्हती. तिथे हे असं घराणं असतं. बाप ज्या गाडीचा, मुलगा त्याच गाडीचा, दुसरीच्या इंजिनाचं झाकणही उघडायचं नाही. पाद्रीबोवासुद्धा कोणाच्या घरी कुठल्या गाडीतून जायचं याचा विचार करत. ड्वेन भट्टीखान्यात कामाला होता. हात मोठे, आवाज मोठा, चर्चमध्ये गाताना फार चांगला. लग्नाच्या चौथ्या महिन्यात, चर्चच्या जेवणानंतर, गाड्या लावायच्या जागेत त्याने तिला पहिल्यांदा मारलं. अंगठी घातलेल्या मुठीने. तिच्या भुवईतून रक्त आलं ते तिने बटाट्याच्या सॅलडवर झाकलेल्या फडक्याने पुसलं. आसपास वीसेक माणसं होती. सगळ्यांना एकदम आपापल्या किल्ल्या सापडेनात.

ती दोनदा पळाली. पहिल्यांदा पायी, बहिणीकडे. दुसऱ्यांदा चार्जर घेऊन, चाळीस मैलांपर्यंत. दोन्ही वेळा लायल कुंडिंगरने तिला आपल्या पोलिसगाडीत मागे बसवून परत आणलं. लायल आणि ड्वेन एकाच शाळेतले, हरणाच्या शिकारीला एकाच मचाणावर बसणारे. दुसऱ्या वेळेला दारातच ड्वेनने तिच्या पोटात लाथ घातली. लायल टोपी काढून उभा होता. म्हणाला, "ड्वेन, पुरे, मी अजून इथेच आहे रे."

त्या शनिवार-रविवारी ड्वेनने तिची गाडी खोलली. इंजिन, गिअरबॉक्स, दारं, काचा, कार्बोरेटरच्या सुया, सगळं. लायल खुर्ची टाकून बिअर पीत बसला होता. सुटे भाग ड्वेनने कॉफीच्या डब्यांत, बादल्यांत, पोत्यांत भरले आणि मुद्दाम एकमेकांत कालवले. वर आपल्या फोर्डचे जुने बोल्ट दोन बादल्या ओतले. चाकं तेवढी ठेवली, कारण सांगाडा ढकलत शेडच्या मागच्या भिंतीला न्यायचा होता. मग आर्डिथला बोलावलं. तिच्या हनुवटीला टाके होते.

"घे," तो म्हणाला. "जोड आणि जा. मी अडवणार नाही. लायल, तू साक्षीदार."

हे १९७३चं. त्याच हिवाळ्यात आम्ही समोरच्या घरात राहायला आलो. आर्डिथ पहिल्यांदा माझ्या दारात आली ती रिकाम्या बरण्या मागायला. मला वाटलं, मुरंबा घालत असेल.

तिचं काम कसं चालायचं ते मी शेडमध्ये दुधाच्या पेटीवर बसून पाहिलंय. ड्वेन दुपारपाळीला गेला की ती बादली जुन्या चादरीवर उपडी करायची. मग एकेक बोल्ट उचलून उजेडाकडे धरायचा.

"डोकं बघ. कुठला रंग?"

"निळसर."

"म्हणजे इंजिनाचा. इंजिन निळसर रंगवलेलं असतं. आणि हा?"

"डांबर लागल्यासारखा."

"पोटाखालचा. आणि या हिरव्याच्या डोक्याखाली गोल कोरी जागा आहे, ती दिसली? तिथे वॉशर बसला होता, म्हणून रंग पोचला नाही. तेवढीच गोल जागा गाडीवर कुठे कोरी राहिली आहे ते शोधायचं. तिथला हा."

ओतीव भागांवर तारीख उठवलेली असते. तिची गाडी मार्चमध्ये तयार झाली होती, त्यामुळे एप्रिलची तारीख दिसली की ती म्हणायची, "हा आगंतुक. माझी गाडी रस्त्यावर आली तेव्हा हा जन्मलाच नव्हता." आणि तो दाराबाहेर फेकायची. फोर्डचे बोल्ट ती नुसते चाचपून वेगळे काढायची, तोंड वाकडं करून, तांदळातले खडे काढावेत तसे. अडलं तर एक तेलकट पुस्तक होतं. पण पुस्तकात चित्र असतं, आणि तिच्या हातात गंजलेला, वाकलेला, अर्धा मोडलेला तुकडा असायचा.

दोन वर्षांत दीडशेवर डबे भरले, प्रत्येकावर चिकटपट्टी, पट्टीवर नाव.

ड्वेनला हे कळत नव्हतं असं नाही. त्याला गंमत वाटायची. कधीकधी जेवण झाल्यावर तो तिला शेडमध्ये न्यायचा, टेबलाच्या व्हाइसमध्ये तिचा डावा हात धरायचा आणि त्या लोखंडी जबड्याचा दांडा एक फेरा फिरवायचा. मग डब्यातून एखादा तुकडा काढून तिच्या नाकासमोर धरायचा.

"सांगा, प्रोफेसरीणबाई. हे काय?"

बरोबर सांगितलं तर पुढचा तुकडा. चुकलं तर आणखी एक फेरा. ती क्वचित चुकायची. एकदा वायपरची कडी आणि खिडकीची कडी यांत गोंधळली, तेव्हा दोन बोटं गेली. हाडं मोडल्याचा आवाज तिने मला सांगितला नाही. मी आमच्या अंगणात कपडे वाळत घालत होते, मी तिची किंकाळी ऐकली. इस्पितळात तिने सांगितलं, गाडीचं दार लागलं. त्या गाडीला तेव्हा दारच नव्हतं.

मी पाद्रीबोवांकडे गेले. माझा देव वेगळा, पण मला वाटलं, देवाचं माणूस आहे, ऐकेल. ते म्हणाले, तुम्ही परक्या आहात, नवराबायकोत पडू नका, प्रार्थना करा. प्रार्थना मी करतच होते.

पंच्याहत्तरच्या नोव्हेंबरात, हरणाच्या शिकारीच्या पहिल्या दिवशी, ड्वेन रिकाम्या हाताने परत आला. चिखलाचे बूट घालूनच शेडमध्ये गेला आणि बंदुकीने डब्यांच्या फळ्यांवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गोळ्या झाडल्या. डबे फुटले, बोल्ट, स्प्रिंगा, काचा सगळीकडे उडाल्या. आर्डिथ फळीपाशी होती. एक वॉशर तिच्या गालात घुसला. माझ्या यजमानांनी तो चिमट्याने काढला, आमच्या जेवणाच्या टेबलावर. काढल्यावर तिने तो रुमालाने पुसला, उजेडात धरला.

"हीटरचा," ती म्हणाली. मग रडली. तिला रडताना मी त्या एकाच वेळी पाहिलं.

त्यानंतर पट्ट्यांवर गाडीच्या भागांची नावं लिहिणं बंद झालं. आमच्याकडे लोणच्याच्या, मसाल्याच्या बरण्या भरपूर होत्या. आर्डिथ म्हणाली, "तुझ्या अक्षरांत लिही. त्याला काय कळणार?" मग मी कागदाच्या चिठ्ठ्या लिहिल्या. कार्बोरेटरच्या बारीक गोळ्या म्हणजे मोहरी. लहान स्प्रिंगा म्हणजे जिरे. दारांचे स्क्रू मेथी. डॅशबोर्डाचे लवंग. ती चिठ्ठ्यांवरची अक्षरं चित्रासारखी पाठ करायची, आणि दोन महिन्यांत वाचायला लागली. "लवंग संपत आली," असं ती म्हणायची तेव्हा मला हसू आवरायचं नाही.

ड्वेनने बरण्या पाहिल्या. "त्या साडीवालीचा मसाला माझ्या शेडमध्ये कशाला?" असं विचारून एक फोडलीही. तिने सांगितलं, शेजारणीच्या घरात उंदीर झालेत. त्याने तेवढ्यावरून तिला एक थोबाडीत दिली आणि विसरून गेला.

असं करत सत्त्याहत्तरच्या पानगळीपर्यंत गाडी उभी राहिली. शेवटचं काम चाकांचं. ड्वेन पडला त्याच्या आधीच्या मंगळवारी मी शेडमध्ये बसले होते. तिने चाकं काढून ब्रेक बसवले होते आणि आता नट परत चढवत होती. उजव्या बाजूचे झाले, मग ती डाव्या बाजूला आली आणि तिने पाना उलट्या दिशेने फिरवायला घेतला.

"अगं, सैल करतेस की घट्ट?"

"घट्ट. डॉजला डाव्या चाकांचे आटे उलटे असतात. चाक पुढे फिरताना नट आपोआप सुटू नयेत म्हणून. हे बघ, बोल्टाच्या टोकाला एल अक्षर आहे, लेफ्टचं, म्हणजे डावं. फोर्डवाल्यांना हे ठाऊक नसतं. ते जोर लावत बसतात आणि बोल्ट तोडतात." तिने प्रत्येक नटाला तेल लावलं, पुसलं, पुन्हा लावलं. लोण्यासारखे फिरत होते.

गुरुवारी ड्वेन कामावर असताना इंजिन पहिल्यांदा चालू झालं. फळीवरच्या माझ्या बरण्या थरथरल्या. आर्डिथ आत बसली होती, दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि नुसती माझ्याकडे बघत होती. पण तो आवाज मैलभर गेला. लायलने ऐकला.

शनिवारी ड्वेन भावाकडे बदकं मारायला जाणार होता आणि संध्याकाळपर्यंत येणार नव्हता. आर्डिथ दुपारी निघणार होती. मी सकाळी देवापुढे दिवा लावला, पोळ्या केल्या, बटाट्याची भाजी केली आणि सगळं फॉइलमध्ये बांधून दोनच्या सुमाराला शेडच्या लहान दारातून आत गेले.

ड्वेन माझ्याआधी आला होता. त्याने पिकअप शेडच्या मोठ्या दारासमोर आडवा लावला होता आणि चार्जरच्या खिडकीतून आर्डिथला केसांना धरून बाहेर ओढत होता. तिचे पाय खिडकीत अडकले होते. ती खाली पडली तशी त्याने तिच्या बरगड्यांत बूट घातला. एकदा, दोनदा, मग चालून थोडं लांब जाऊन परत येऊन तिसऱ्यांदा. मी ओरडले. त्याने माझ्याकडे बघितलं.

"या, पाहुणीबाई. बघा. तुम्हीही साक्षीदार."

"सोड तिला! मी पोलिसांना फोन करते!"

"कर. लायललाच कर. त्यानेच मला सांगितलं."

फोन घरात होता आणि घराकडचं दार त्याच्या पलीकडे. मी जागची हलले नाही. याची मला अजून लाज वाटते.

"जोड आणि जा, असं म्हणालो होतो ना मी?" तो आर्डिथला म्हणाला. "जोडलीस. शाबास. आता चाकं काढून नेतो. जा आता सांगाड्यावर बसून."

त्याने पाना घेतला आणि डाव्या मागच्या चाकाशी बसला. नेहमीच्या दिशेने जोर लावला. नट हलेना. त्याने शिव्या दिल्या, दोन्ही हातांनी जोर लावला. मग मान वळवली. आर्डिथ भिंतीला टेकून बसली होती. तोंडातून रक्त येत होतं आणि ती ते गिळत होती.

"काय गं, प्रोफेसरीण? काय झालंय यांना?"

आर्डिथने त्याच्याकडे बघितलं. मग चाकाकडे. मग क्षणभर माझ्याकडे.

"गंजलेत," ती म्हणाली. "मोठा पाइप लाव."

कोपऱ्यात चार फुटी पाइप होता. त्याने तो पान्याच्या दांड्यावर चढवला, म्हणजे जोर कितीतरी पट वाढतो, आणि लोंबकळला. कडकन आवाज झाला. बोल्ट तुटून नटासकट खाली पडला. त्याने तो लाथेने उडवला. "गंज!" म्हणाला. दुसराही तसाच तुटला. आता तो घामाने निथळला होता आणि हसत होता. तिसऱ्याला त्याने पाइपवर हात ठेवलाच नाही. गाडीच्या टपाला धरून तो दोन्ही पायांनी पाइपवर चढला आणि उड्या मारायला लागला. अडीचशे पौंडांचा माणूस.

तिसरा तुटला तेव्हा पाइप एकदम खाली गेला आणि ड्वेन मागे. मागे जमिनीवर जुन्या इंजिनाचा ओतीव ठोकळा होता, त्याच्याच फोर्डचा. त्याच्या कडेवर त्याचं डोकं आपटलं. कलिंगड दगडावर पडावं तसा आवाज आला. त्याच्या बुटाच्या टाचा दोन-चार वेळा जमिनीवर वाजल्या, मग थांबल्या. रक्त फार पटकन पसरलं; पाइप घरंगळत त्यात गेला.

मी त्याला ओलांडून फोनकडे पळाले. मागे वळून पाहिलं तेव्हा आर्डिथ तशीच बसली होती.

लायल आला. मित्राला तसं पाहून तो लहान मुलासारखा रडला, तेवढं मी त्याचं सांगितलं पाहिजे. मग त्याने पाइपवरचं रक्त पाहिलं. रुग्णगाडीवाल्यांचे पाय घसरू नयेत म्हणून त्याने जमिनीवरचे बोल्ट, नट, स्क्रू सगळे फावड्याने एका बादलीत भरले आणि बादली पायरीवर ठेवून दिली. शेडला कुलूप लावलं. मी त्याला जे सांगत होते ते त्याने लिहून घेतलं नाही. "नंतर, बाई. इंग्रजी नीट आठवेल तेव्हा."

बुधवारी सकाळी आर्डिथ मला म्हणाली, "लायलला वाटतंय चाकाचे बोल्ट मी नंतर मोडले. तुटलेली टोकं सापडली तर मोड कसा झाला ते दिसेल." तिने बादली स्वयंपाकघरातल्या टेबलावर उपडी केली. आठशे-हजार तुकडे असतील. बरगड्या बांधलेल्या, एक डोळा सुजून बंद. ती चाचपत बसली. मी चहा केला, तो गार झाला. पाऊण तासात पहिला, दीड तासात बाकीचे दोन. प्रत्येक तुकड्यावर अजून नट घट्ट बसलेला. तिने मला टोकावरचं एल दाखवलं आणि तुटलेली बाजू. पिळलेल्या दोरीसारखी, नट आवळायच्या दिशेने.

"पाइप कुणाच्या डोक्यात असता तर हे असे पिळले नसते," ती म्हणाली. "बोल्टाच्या कारखान्यातला कोणीही माणूस सांगेल. तिन्ही तुटले तेव्हा पाइप चाकावरच होता. आणि आवळायच्या बाजूला इतका जोर आटे ठाऊक नसलेलाच लावेल, म्हणजे ड्वेन."

तेच तीन तुकडे घेऊन आम्ही चाललो होतो.

सहावा रस्ता आला. शेरीफच्या कचेरीवरचा झेंडा दिसायला लागला. आर्डिथ थांबली. श्वास घेताना तिला दुखत होतं, म्हणून मीही थांबले. कडेला बीट काढलेलं शेत होतं, त्यात कावळे.

"सुमा, लायल मूर्ख नाही," ती म्हणाली. "हे बोल्ट बघितले की पाइपाचं तो सोडून देईल. पण मग विचारेल, आटे उलटे आहेत हे तुला ठाऊक होतं ना? तू तिथेच बसली होतीस ना?"

"हं."

"मी सांगणार, माझ्या तोंडात रक्त होतं, मला बोलता येत नव्हतं."

मी टोपी कानांवर ओढली.

"तो मरावा म्हणून मी ते म्हटलं नाही. चाकं निघू नयेत एवढंच डोक्यात होतं. चार वर्षं, सुमा. एकेक स्क्रू." मग थोड्या वेळाने, "निदान मला तरी तसं वाटतं. आता नीट आठवतच नाही."

"मागच्या आठवड्यात मंगळवारी तू त्या नटांना तेल लावलं होतंस," मी म्हटलं.

"हो. तू बघत होतीस."

वाऱ्याने माझी टोपी उडवली. तिने ती पायाने अडवली, वाकता येत नव्हतं म्हणून मीच उचलली. ती माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. त्या दिवशी म्हातारी दिसत होती.

"ते तुझा हात आमच्या पुस्तकावर ठेवतील आणि खरं सांग म्हणतील," ती म्हणाली. "ते पुस्तक तुझं नाही, तेव्हा चालतं, असं मी म्हणणार नाही. शपथ म्हणजे तुझ्या लेखी शपथच, हे मला माहीत आहे. तुझ्या घरी दिवा लागतो तो मी रोज खिडकीतून बघते."

तिने कॉफीचा डबा माझ्या हातात दिला. मघाशी देत नव्हती.

"ड्वेनने मला ओढलं ते सांग. लाथा सांग. बोटांचं सांग, बंदुकीचं सांग, लायल खुर्ची टाकून बसला होता तेही सांग. सगळं सांग. ड्वेनने विचारलं आणि मी 'गंजलेत' म्हणाले, तेवढं एक सांगू नकोस."